नाण्याची मागची बाजू

माझ्याकडे जुन्या इराणातली चांदीची सात नाणी आहेत, सगळी एकाच टाकसाळीची. त्या गावाच्या नावाची दोन-तीन अक्षरं तेवढी नाण्यांवर उरली आहेत. गाव नेमकं कुठे होतं, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. भेटेल त्याला मी हेच कोडं सांगत बसते.

परवा शेजारचे पेस्तनकाका चहाला आले, तेव्हा त्यांनाही मी कौतुकाने नाण्यांचा मखमली ट्रे दाखवला. सातही राजे मुकुट घालून एकाच दिशेला बघत होते.

"पाठीमागे काय आहे?" काकांनी विचारलं.

मी एक नाणं उलटवलं. मधोमध अग्नीची वेदी आणि दोन्ही बाजूंना उभे राखणदार.

काकांनी कप खाली ठेवला. बेसिनवर जाऊन हात धुतले, खिशातली काळी टोपी डोक्यावर घातली आणि ओंजळ पुढे केली. "आता दे, दीकरा."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं भिंग लावून मी एका हरवलेल्या गावाचा पत्ता शोधत होते, आणि त्या गावाची आग मखमलीवर पालथी पडून होती.

"हे गाव कुठे होतं, कुणालाच सांगता येत नाही, काका," मी म्हटलं.

"गाव काय, मागे राहते. आग बरोबर घ्यायची असते."

त्यांनी ते नाणं आग वर करून ट्रेमध्ये ठेवलं.

ते गेल्यावर उरलेली सहा मी उलटवली. त्याआधी उठून हात धुतले.