गाडी ठाऊक नसलेलं मशीन

सम्राट साळवेची शाळा दर दिवाळीनंतर तुटायची. आई, चांगुणाबाई, ऊसतोडीला निघाली की तोही टोळीबरोबर निघे. पुढं तो शिकला आणि श्रीरामपूरकडच्या ज्या साखर कारखान्यामागच्या पाचटाच्या कोप्यांत वाढला, त्याच कारखान्याच्या संगणक विभागात लागला. १९९७च्या त्या हंगामात, दर रविवारी, तो तोडणीवाल्यांच्या मुलांना शिकवत होता.

त्यांच्यासाठी त्यानं एक साधन बांधायला घेतलं होतं. खेळ एकदाच लिहायचा आणि तो गावातल्या संगणक क्लासच्या डॉस मशीनवरही चालायला हवा, कारखान्याच्या युनिक्स मशीनवरही. पहिला खेळ बैलगाडीचा. वीस मोळ्या मोजून भरल्या की गाडी हलते. क्लासमध्ये ती हलत होती. मुलांना मात्र बसायला मिळे ते कारखान्याचं मशीन, आणि तिथं खेळ कंपाईलच होईना, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरेचना. टोळीतल्या रामहरी घुगेची मुलगी सुकन्या तीन रविवार विचारत होती, गाडी कधी हलणार. उद्या पट्टा पडणार, गाळप थांबणार, टोळ्या आपापल्या गावी जाणार. हातात आजचाच दिवस होता.

मशीननं एक्केचाळीस चुका दाखवल्या होत्या. पडद्यावर राहत शेवटच्या वीस-बावीस. आधीच्या वर सरकून नाहीशा होत. सम्राट दिसेल ती चूक दुरुस्त करत गेला. दुपारपर्यंत त्या छप्पन्न झाल्या.

चांगुणाबाई डबा घेऊन आली.

"जेव आदी. काय वाचतुयास?"

"चुका."

"कुनाच्या?"

"माझ्याच."

"आमचा मुकादम बी येवढ्या काडत नव्हता." ती स्टुलावर टेकली. "पैली कंची?"

"ती दिसत नाही, आई. वर निघून जाते."

"मग तीन आयतवार खालचंच निस्तरतोयस व्हय?"

सम्राटनं हातातला घास डब्यात ठेवला. केलेल्या दुरुस्त्या टाकून त्यानं फ्लॉपीवरची जुनी प्रत घेतली, चुकांची सगळी यादी एका फाईलमध्ये उतरवली आणि वरून वाचू लागला. गाडी म्हणजे काय, हेच मशीनला ठाऊक नव्हतं. गाडीचं वर्णन त्यानं फक्त क्लासच्या मशीनसाठी राखलेल्या भागात लिहिलं होतं. इथलं मशीन तो भाग वगळून पुढं जाई, आणि जिथं जिथं गाडी येई तिथं अडे. बाकीच्या चाळीस चुका त्या एकीच्याच पोटच्या होत्या. त्यानं अकरा ओळी उचलून दोन्ही मशीनच्या सामाईक भागात ठेवल्या. या वेळी मशीननं एकही चूक दाखवली नाही.

सुकन्या आली तेव्हा तिच्या फ्रॉकला भांडी बांधायच्या सुतळीचा तुकडा चिकटलेला होता. पडद्यावर अक्षरांची गाडी उभी होती.

"सर, बैलाला शिंगं न्हाईत."

"तू आधी मोळ्या भर."

तिनं बोटं दुमडत वीस मोळ्या भरल्या. गाडी हलली, पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. बाहेरून रामहरीनं हाक दिली. सुकन्या उठली नाही.

"कुठं गेली?"

"गावाला."

"परत कवा येती?"

कडेपलीकडच्या गाडीचं काय होतं, ते सम्राटनं लिहिलंच नव्हतं.

"दिवाळीनंतर," तो म्हणाला.

"तवर शिंगं काडा," सुकन्या म्हणाली आणि बापाच्या हाकेकडं धावली.