पडवीतले तीन दिवस

आमच्या अणशीकडच्या घरात पाळी आलेली बाई तीन दिवस पडवीत बसते. बायको दोन-दोन महिने तिथे बसली नाही, की आई आशेने गूळ वाटायची. ती पुन्हा पडवीत दिसली, की मी तिच्याशी अबोला धरायचो.

लग्नाच्या नवव्या वर्षी बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत तिच्या अंडाशयातले बारीक काळे ठिपके दाखवले. "हे पीसीओएस. यात पाळी लांबते, दिवस राहायला वेळ लागतो. औषधाने जमू शकेल."

मी प्रश्न विचारतच सुटलो. परतताना तिलाही विचारलं, "पाळीत दुखतं काय गं?"

"नऊ वर्सांनी इचारताय व्हय?" ती म्हणाली. "पडवी काय लांब न्हवती."

पुढच्या पाळीला मी माझं ताट घेऊन पडवीत गेलो. अजून खूप विचारायचं होतं.