घुंगटाआडचा घास

एस्तेरबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी आणि याडी घाटंजीच्या बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होतो. याडी म्हणजे माझी आई. आमच्या बंजारा तांड्यात आईला असंच म्हणतात. आम्ही बाईंनाच भेटायला निघालो होतो. बाजाराचा दिवस होता, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. फोन चर्चच्या पाळकांचा होता. मी फक्त "हो" आणि "बरं" म्हटलं, पण याडीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "गेली का?" मी मान हलवली. तिच्या पिशवीत बाईंसाठी तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. पिशवी उचलून ती म्हणाली, "गाडी आली की बसू. आता तं जाच लागते." वाटेत ती खिडकीशी बसली. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ठेवलेली रिकामी शेतं होती, आणि ती त्यांच्याकडे पाहत होती... की पाहत नव्हती, कोण जाणे.

एस्तेर साळवे या नावाने त्यांची पुस्तकं निघाली, पण जिल्ह्यातली निम्मी माणसं त्यांना लेखिका म्हणून ओळखतच नसत. ती त्यांना ओळखत भांडणं मिटवणारी बाई म्हणून. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. बाईंचं सगळं लहानपण त्या मिशनच्या आवारात गेलं. पुढे त्या घाटंजीला शिक्षिका झाल्या, लग्न केलं नाही. जिथे दोन वस्त्यांमध्ये काठ्या निघाल्या असतील, तिथे त्या दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन पोचत. राजूरला खाणीच्या वस्तीत दोन गटांत दगडफेक झाली, तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध सतरंजी टाकून बसल्या होत्या. तिथे लागलेल्या दगडाचा व्रण त्यांच्या भुवईवर शेवटपर्यंत राहिला. कुणी त्यांना 'येशूवाली' म्हणे, कुणी 'बाटवायला आली' म्हणे. आमच्या तांड्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा एक म्हातारा ओरडला होता, "हे बाई तुमाले येशूचं पाणी पाजीन, सांगून ठेवतो." बाई त्याच्याच बाजेवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाबाजी, पाणी तं तुमच्याच विहिरीचं हाय, म्या कुठून आणू? आणि तेही अजून कोणी दिलं नाही." म्हातारा हसला आणि सुनेला तांब्या आणायला सांगितलं.

त्या आल्या होत्या माझ्या बामुळे. मी तेव्हा त्यांच्याच शाळेत होते. आमच्या तांड्याची गुरं शेजारच्या गावातल्या वसंतरावांच्या तुरीत शिरली. गुरं आमच्या घरची नव्हती, पण ती हाकलायला बा धावला. वसंतरावांच्या हातात बैलगाडीची उभारी, म्हणजे गाडीच्या कडेचा उभा दांडा, होता. तो बाच्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. रात्रीतून तांड्याची माणसं गोळा झाली, सकाळी गावातली. दोन्हीकडून पोलिसात तक्रारी झाल्या, गावाने तांड्याचा रस्ता अडवला, तांड्याने गावाच्या शेतावर मजुरीला जाणं बंद केलं. कापूस झाडावर फुटून लोंबत होता. कुणाचा तरी मुडदा पडणार, असं सगळेच म्हणत होते, आणि मला आठवतं, ते भीतीने नाही, कंटाळल्यासारखं म्हणत होते.

बाई महिनाभर दोन्हीकडे येत-जात राहिल्या. त्यांची एक पद्धत होती. त्या उपदेश करत नसत. दोन्ही बाजू थकल्या, की त्या जेवण ठरवत. अट एकच, की ज्याने त्याने दुसऱ्याच्या हातचं खायचं. त्या स्वतः चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावर लहानाच्या मोठ्या झालेल्या. एका भाकरीतून मोडून खाल्लं की माणसाच्या आत काहीतरी मोडतं आणि काहीतरी जुळतं, असं त्यांना मनापासून वाटे. आमच्याकडे तर कोण कुणाच्या हातचं खातो, हा पिढ्यांचा प्रश्न. म्हणून ती पद्धत चाले. शाळेसमोरच्या लिंबाखाली चुली पेटल्या. गावाने गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. तांड्याने भाकरी आणि डाळ केली. नायक, आमच्या तांड्याचा प्रमुख, आणि वसंतराव एका पंगतीत बसले. बा बसला, डोळ्यावर पट्टी बांधून. बायकांनी वाढलं. आमच्यात वडीलधाऱ्या पुरुषांसमोर बाई चेहऱ्यावर घुंगट ओढते, तसा याडीनेही ओढलेला होता. वसंतरावांच्या ताटात भाकर तिनेच वाढली, कारण तसंच ठरलं होतं. मग बायकांची पंगत बसली; पुरुष समोरच होते म्हणून याडीचा घुंगट तसाच होता, आणि गावातल्या बायकांनी तिला रोडगा वाढला. मी पोरींमध्ये लांब बसले होते. त्यानंतर दोन्हीकडच्यांनी तक्रार पुढे न्यायची नाही असं ठरलं. रस्ता मोकळा झाला. कापूस वेचला गेला.

त्या जेवणावर बाईंनी लेख लिहिला. तो त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख. त्याचा शेवट अनेकांना पाठ आहे. डोळा गमावलेल्या माणसाची बायको घुंगटाच्या आड पहिला घास घेते, आणि लेखिकेला वाटतं की इतके दिवस धुमसणारी जमीन आता विझली. छापायच्या आधी बाईंनी तो ज्यांच्यावर लिहिला त्यांना वाचून दाखवला होता. हा त्यांचा नियमच होता. नायकाने मान डोलावली. वसंतरावांनी डोळे पुसले. बाने ऐकून घेतलं.

पुढे बाईंनीच मला शिकवलं. बाला एका डोळ्याने बैल सरळ हाकता येईना, नांगराचं तास वाकडं जाई आणि लोक हसत. घरात शिक्षणाचा विषय काढायचीही सोय नव्हती. बाई निवृत्त होऊन यवतमाळला राहायला गेल्या तेव्हा मला सोबत घेऊन गेल्या. दोन खोल्यांचं घर. माझ्या कॉलेजची वर्षं मी तिथे काढली. मी चुकीचं मराठी लिहिलं तर त्या खोडत नसत, फक्त म्हणत, "हे मोठ्यानं वाच बरं." वाचताना माझं मलाच कळे. आमच्या तांड्यातली मी पहिली पदवीधर. आज शाळेत शिकवते, पगार घेते, हे वाक्य लिहू शकते, ते त्यांच्यामुळे. हे मी कितीदाही सांगेन. आणि म्हणूनच पुढचंही सांगायला हवं.

मी बी.ए. झाले तेव्हा याडी पहिल्यांदा यवतमाळच्या त्या घरी आली. बा तेव्हा हयात नव्हता. जेवणं झाली, आणि बाईंनी हौसेने तो लेख काढला. याडीला वाचता येत नाही. लेख तिच्यावर संपतो हे तिला माहीतही नव्हतं. बाई छान वाचत. मी दारात उभी राहून ऐकत होते. शेवट आला, बाईंनी पुस्तक मिटलं आणि हसून तिच्याकडे पाहिलं. याडी म्हणाली, "लय मस्त लिवलं. पण बाई, म्या तं खाल्लं नोहतं."

बाईंना कळलं नाही. त्या म्हणाल्या, "काय नव्हतं खाल्लं?"

"रोडगा. घुंगटात कोनाले दिसते? ओढनीत बांधला न् घरी नेऊन म्हशीच्या टोपल्यात टाकला." ती सहज सांगत होती, भांडल्यासारखं नाही. मग म्हणाली, "तुमी समद्याले वाचून दाखोलं म्हन्ता. मले काहून नाई इचारलं?"

 बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेला गेल्या नाहीत... मी त्या घरात राहायला आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. त्या ज्यांना विचारत राहिल्या ते सगळे पुरुष होते, आणि ज्या चेहऱ्यावर लेख संपवला तो चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांच्या श्रद्धेत हातात भाकर घेतली म्हणजे खाल्लीच. आमच्या घुंगटाआड काय काय होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे एकदा मला म्हणाल्या, "शारदा, तांड्याची माणसं अजूनही वसंतरावांच्या शेतावरून न जाता नाल्याकडून वळसा घेऊन येतात. मी किती वेळा त्याच वळशाने आले. मला वाटायचं, सावली आहे म्हणून."

त्यांनी तो लेख वाचणं बंद केलं. कार्यक्रमात लोक आग्रह करत, तेव्हा सांगत की त्याचा शेवट खोटा आहे. लोकांना तो विनय वाटे. प्रकाशकाला त्यांनी शेवट काढायला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाई, त्या शेवटासाठीच तर लोक पुस्तक घेतात." नवी आवृत्ती तशीच निघाली. खरा शेवट लिहायचा तर तो याडीच्या तोंडून हवा, असं बाईंनी ठरवलं. दरवर्षी एकदा तरी त्या तांड्यात येत, याडीजवळ बसत. "तू सांग, मी तसंच लिहीन." याडी चहा करी, शेळीची गोष्ट सांगे, पावसाची सांगे. याविषयी मात्र म्हणे, "तुमी तं आधीच लिवलं नं." बाई उठत, गुडघ्यावर हात टेकून. पुन्हा पुढच्या वर्षी येत. त्यांनी भांडणं मिटवायला जाणं सोडलं नाही, पण जेवणं ठरवणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणत, "आधी बायकांशी बोलते. उशीर लागेल."

मग आजार आला. पोटाचा, आणि निदान झालं तोवर फार पुढे गेलेला. हात इतके कापत की पेन धरवेना. खरा शेवट लिहायचा राहून जाणार, ही एकच गोष्ट त्यांना खाई. मरणाची भीती त्यांना नव्हती, तसं त्या म्हणत आणि मला ते खरं वाटे. पण तो लेख आपल्या मागे तसाच राहील, म्हटलं की त्या भिंतीकडे तोंड करत.

तो राहिलाच. त्यांना यवतमाळच्या कबरस्तानात पुरलं, आणि माती वाळायच्या आत तो लेख सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागला, फुलांची चौकट आणि बाईंचा फोटो लावून. शोकसभा एका सभागृहात झाली. पहिल्या रांगेत वसंतराव होते, आता थकलेले, पांढरी टोपी, हातात काठी. एका तरुणाने लेख वाचला. आवाज फार चांगला होता त्याचा. याडी माझ्या शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकत होती. शेवटच्या वाक्याला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी उठले. म्हटलं, हा शेवट बाईंना मान्य नव्हता, त्यांनी तो कितीदा नाकारला होता. अध्यक्ष खूप सौम्यपणे म्हणाले, "ताई, तुमच्या भावना समजतात. पण आज नको." मागून कुणीतरी म्हणालं, "बसा ना मॅडम, रडून घ्या थोडं." याडीने माझा हात ओढला. "चाल," म्हणाली.

दारात वसंतराव आडवे आले. "भौजाई, न जेवता काहून चालल्या? सोय केली हाय." याडी थांबली नाही, तेव्हा ते काठी टेकत दोन पावलं मागे आले. "अवो, किती वर्षाचं झालं ते. बाईनंच तं मिटोलं होतं."

"तुमचं मिटलं," याडी म्हणाली. आज तिचा चेहरा उघडा होता, आणि वसंतरावांनीच नजर खाली घातली.

बाईंच्या खोलीत आता त्यांच्या भावाचं कुटुंब राहायला आलं आहे. पलंग हलवला, खिडकीला नवा पडदा लागला. परवा मी त्यांचा चष्मा आणायला गेले तेव्हा दारातूनच परतले. माझ्यासाठी ती खोली अजून आमच्या शेवटच्या भेटीच्या दुपारची आहे, बाई जायच्या थोडे दिवस आधीच्या. बाई पलंगावर, उशीला टेकलेल्या, आणि याडी खाली फरशीवर, पलंगाच्या लाकडाला पाठ लावून, दोघींची तोंडं एकाच दिशेला. याडी न विचारता बोलायला लागली. कदाचित एकमेकींकडे पाहावं लागत नव्हतं म्हणून. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. याडीचं संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "जसं बोलली तसं लिही. आणि याच्यानंतर एक ओळही जोडू नको. मी जोडली होती."

याडी म्हणाली ते असं:

"माह्या नवऱ्याचा डोळा गेला. ज्यानं मारलं त्याले म्या वाढलं, मांगून मांगून जेवला तो. म्या नाई खाल्लं. त्याले माफ करतं का, असं मले कोनी इचारलंच नाई. मले फकस्त वाढाले सांगतलं."