राधासंगं पहिलीत

शेतातून घरी आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असतात. कधी चिकटली ते कळत नाही, आणि काढायला बसलं की संपत नाहीत. शाळेतल्या किश्शांचं तसंच आहे. मी काही शाळा शिकलो नाही. पण सत्तरीत वर्षभर पहिलीच्या वर्गात मागं बसलो, त्याची कुसळं अजून काढतोय.

नात राधा तेव्हा सहा वर्षांची. ऐकायला कमी, दोन्ही कानांना यंत्रं. अणदूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत घातली, तर पहिल्याच आठवड्यात शिंदे गुरुजी म्हणाले, "आजोबा, मला हे जमायचं न्हाय. दिवाळीनंतर शाळा तपासायला साहेब येतील. त्यांनी सांगितलं तर सोलापूरच्या कर्णबधिरांच्या वसतिगृहात पाठवा."

सून म्हणाली, "एवढंसं लेकरू? मामंजी, तुम्ही जावा, बसा तिच्यासंगं."

घरात रिकामा मीच. गेलो.

*

गुरुजी हजेरी घ्यायचे ती वहीत मान घालून. राधाच्या नावापुढं रोज गैरहजर. पोरगी तर त्यांच्या पायाशी, पहिल्या ओळीत. चार दिवस मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी म्हणालो, "गुरुजी, राधा आलीय की."

"मग बोलत का न्हाय?"

"तुम्ही वहीला विचारताय. तिला विचारून बघा."

गुरुजींनी मान वर करून नाव घेतलं. राधा एवढ्या जोरात "हजर" म्हणाली की शेजारच्या वर्गातलं एक पोरगंही "हजर" म्हणालं.

*

मग गुरुजींनी दुसरं टोक धरलं. ओरडायला लागले. त्यांनी "क कमळाचा" म्हटलं की कुंपणापलीकडची म्हैस दाव्याला हिसके द्यायची.

महिन्यातून एकदा तालुक्याहून एक बाई यायच्या, असल्या लेकरांना कसं शिकवायचं ते गुरुजींना दाखवायला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आवाज मोठा करायला यंत्र आहे. ओरडलं की शब्द फाटतो. समोर उभं राहा, तोंडावर उजेड घ्या, सावकाश बोला. ओठ दिसू द्या."

गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला. ओठ मिशीखालीच होते.

"घरी विचारावं लागंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिशी नव्हती. सगळा वर्ग हसू दाबत बसला. राधा बराच वेळ बघत राहिली आणि मागं येऊन मला म्हणाली, "आबा, गुरुजींना दात हायेत."

*

यंत्राचा सेल चालतो का, ते गुरुजी रोज सकाळी बघायला शिकले. तरी पाढे सुरू झाले की यंत्र बंद. सेल बदलला, तरी तेच. शेवटी बाईंनी पकडलं. पाढे आले की पोरगीच बटण दाबायची.

गुरुजी रागावले नाहीत. मला हळूच म्हणाले, "आजोबा, असलं बटण मला पहिलीत मिळालं असतं तर..."

*

आता ते गुरुजी बदलून गेले. शाळेवरून जाताना मी अजून मागच्या खिडकीशी थांबतो. माझी जागा तिथं होती.

तिथंच बसलो होतो, दिवाळीनंतर साहेब आले तेव्हा. त्यांच्या हातात राधाचा वसतिगृहाचा अर्ज.

साहेबांनी खडू घेतला, आणि फळ्यावर लिहिता लिहिताच विचारलं, "मुलांनो, काय लिहिलंय हे?"

वर्ग गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. कुणी बोलेना. पोरांना आता सवयच लागली होती. विचारणाऱ्याचं तोंड दिसल्याशिवाय उत्तर द्यायचं नसतं.

साहेब वळले. "काय हो गुरुजी, सगळ्याच वर्गाला ऐकू येत नाही का?" मग पोरांकडं बघून म्हणाले, "सांगा बरं, काय लिहिलंय?"

"घर!" सगळी एकदम ओरडली. राधाही.

साहेबांनी ओळीवरून नजर फिरवली. वेण्यांखाली कुणाचीच यंत्रं दिसेनात. त्यांनी राधाशेजारच्या सानिकाकडं बोट केलं. "राधा ही ना?"

राधा उठली. साहेबांच्या समोर, खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली. मान वर करून, अजिबात न ओरडता, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "साहेब. मी. राधा. ती. सानिका."

साहेबांनी खडू खाली ठेवला. मग अर्जाची घडी करून खिशात घातली, खाली उकिडवे बसले आणि तितकंच सावकाश म्हणाले, "मी. देशमुख."