ईराचे घोट

लॉफ्ट आवरताना माझ्या लेकीच्या, ईराच्या, खोक्यात मऊ, दाबता येणारी प्लास्टिकची बाटली सापडली, आणि इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या पहिल्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली.

ईरा नऊ दिवसांची होती. जन्मतःच तोंडातल्या टाळूला फट असल्यामुळे तिला दूध ओढता येत नव्हतं. बाटली हलके दाबून पाजावं लागायचं. वजन वाढलं नाही तर डॉक्टर दुधासाठी नाकातून नळी घालणार होते. नर्सने सांगितलं होतं, तालात दाबा. मी लगेच फ्रिजवर दूध पाजण्याचा तक्ता लावला आणि घड्याळ बघून दर तीन सेकंदांनी दाबू लागले. दूध नाकातून बाहेर यायचं.

पुण्याहून आलेल्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, भूक पोरीला लागलीय की घड्याळाला? बोंडल्याने पाजताना आम्ही बाळाचा गळा बघायचो. घोट उतरला की मगच पुढची धार."

"अहो आई, पण नर्स म्हणाली..."

"तिलाही हेच म्हणायचं असणार."

मी ईराकडे बघितलं. तिची हनुवटी खाली गेली, तेव्हा दाबलं. इवल्या गळ्यात घोट हलला. ती थांबली, मीही थांबले. श्वास घेऊन तिने पुन्हा हनुवटी हलवली.

बाटली संपली. नाकातून एकही थेंब आला नाही. तेव्हा वाटलं, मला जमलं. आज कळतं, सगळं तीच ठरवत होती.

ती तोंड उघडं ठेवून झोपली. टाळूची फट स्पष्ट दिसत होती. तेवढ्याशा अपुऱ्या तोंडाने तिने पोट भरून घेतलं होतं.