मला दूध पचत नाही

नवापूरला एसटीतून उतरलं की आधी वास यायचा आणि मग समुद्र दिसायचा. बांबूंच्या मांडवावर टांगलेले बोंबील, वाळूवर पसरलेला जवळा आणि या सगळ्यावरून सरकत येणारा तो खारट, ओलसर वारा. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावला होता. महिन्याभरात तोच वास मला असा काही लागला, की सुट्टीच्या दिवशी बोईसरच्या भाड्याच्या खोलीत उगीचच चुकल्याचुकल्यासारखं वाटे. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. माझे यजमान वसंतराव बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर होते आणि मी नवापूरच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळत होते. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध मला या किनाऱ्यावर लागला. शोध तसा घरगुतीच होता, पण त्याने मला जो आनंद दिला, तो आठवला की आजही अंगात हुशारी येते.

मी मूळची कृष्णाकाठची. माझे वडील, आण्णा, तरुणपणी कुस्ती खेळलेले. दारात दोन गाई, आणि पहाटे धारोष्ण दुधाचा काठोकाठ भरलेला पितळी पेला प्रत्येकाच्या हातात. दूध म्हणजे आमच्या घरी नुसतं अन्न नव्हतं, ते शील होतं. जो दूध पितो तो सरळ, बळकट, भरवशाचा. जो टाळतो त्याच्यात काहीतरी कच्चं आहे, असा आण्णांचा ठाम सिद्धांत. लग्न होऊन बोईसरला आले तरी मी तो नेम मोडला नाही. दूधवाल्याच्या किटलीतलं गाईचं दूध तापवायचं, पेलाभर प्यायचं आणि बस पकडायची.

आणि शाळेत पोचेपर्यंत पोटात वादळ सुरू व्हायचं. विसाव्या वर्षापासूनच हे चालू होतं. पोट फुगे, कळ येई, आत अशी काही गुरगुर चाले की समोरच्या बाकावरच्या मुलांना ऐकू जावी. मग मी काय करायचे? सगळ्या वर्गाला मोठ्याने पाढे म्हणायला लावायचे. सतराचा पाढा दणक्यात सुरू झाला की त्या गजरात माझं पोट बुडून जाई. पर्समध्ये ओव्याची पुरचुंडी कायम असायची. मी मिरची सोडली, वांगं सोडलं, तूरडाळ सोडली. पण दुधावर संशय घ्यावा हे कधी मनातसुद्धा आलं नाही. ज्या हाताने आपल्याला वाढवलं, त्या हाताकडे कोण संशयाने बघतं?

शाळेच्या भिंतीला लागूनच जानकीमावशींचं घर होतं. पन्नाशीच्या कोळीण. पहाटेच बोईसरच्या बाजारात मासळी विकून शाळा भरायच्या सुमारास परत येत, आणि मधल्या सुट्टीत माझा डबा त्यांच्याच ओटीवर उघडे. त्या मला गवती चहाची पात घातलेला कोरा चहा देत. त्यांच्या घरात दूध असे ते फक्त नातवासाठी, एका लहानशा वाटीत.

"मावशी, तुम्ही पण रोज दूध घ्यायला हवं," मी एकदा शिकवणीच्या सुरात म्हटलं. "या वयात हाडं ठिसूळ होतात."

मावशींनी टोपलीभर ओली मासळी एका हाताने उचलून आत ठेवली आणि मग बसल्या. "आमी मोठी मानसं दूध नाय पीत, बाई. वासरू मोठं झालं की गाय त्याला लात मारते. तिला कळतं ते आमाला कळू नये?"

"पण हाडांचं काय?"

"ही मांदेली काट्यासकट खातो आमी. हाडाला हाड मिलतं."

माझ्यातली शिक्षिका यावर गप्प बसणार होती थोडीच? मी ठरवलं की अख्ख्या गावातल्या बायकांना दुधाचं महत्त्व पटवायचं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सभा घेतली. खडूने फळ्यावर गाईचं चित्र काढलं, त्याच्याखाली सुवाच्य अक्षरात गुण लिहिले, आणि मोठ्या पातेल्यात साखर-वेलची घालून दूध आटवलं. बायका आल्या, हसल्या, पदराआडून एकमेकींना कोपरं मारत बसल्या. दूध घ्यायला कुणी पुढे होईना. शेवटी माझी पंचाईत बघून जानकीमावशी उठल्या आणि माझा मान राखायला दोन पेले एकापाठोपाठ एक प्यायल्या. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत ओटी रिकामी होती. त्यांची सून बाहेर आली आणि पायांकडे बघत म्हणाली, "आईला परवापासून बरं नाय. पोटात काय ठरत नाय. बाजाराला पन गेली नाय."

मावशी कधी बाजार चुकवत नसत. दर्यावरून त्यांच्या मुलाची होडी उशिरा आली तरी दुसऱ्याची मासळी घेऊन त्या जात. मी आत गेले. चटईवर पडलेल्या, चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. माझ्या हातून हे झालं होतं, माझ्या हट्टाने आणि माझ्या वेलचीने. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "मावशी, चूक झाली माझी."

त्या उशीला कोपर टेकवून थोड्या उठल्या. "बाई, एक विचारू? तुमी सकाळी पोरांना एवढ्या मोठ्यानं पाढे का म्हनवता?"

मला कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम वाटलं.

"भिंतीपलीकडे मी असते. पाढ्याच्या आधीचं पन ऐकू येतं मला. काल-परवा माजं पोट तसंच बोलत होतं, अगदी तुमच्यासारकं. तवा मनात आलं." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आठ दिस सोडून बगा. माज्यासाटी."

आठ दिवस दूध नाही. ऐकायला केवढी लहान गोष्ट. पण पहिल्या सकाळी पेला पालथा ठेवताना मला आण्णांच्या पाठीमागे काही चोरून केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पोट थोडं शांत. तिसऱ्या दिवशी मला भूक लागली, आणि त्या भुकेत कळ नव्हती, ती स्वच्छ होती. पाचव्या दिवशी वर्गात कविता शिकवत असताना एकदम लक्षात आलं, की तासभर मी माझ्या पोटाचा विचारच केलेला नाही. इतकी वर्षं अंगात एक भांडखोर बिऱ्हाडकरू राहत असावा आणि एके दिवशी त्याने सामानसुमान उचलून निघून जावं, तशी ती शांतता होती. मी मुलांना पाढ्यांची सुट्टी देऊन टाकली. शाळा सुटल्यावर चपला हातात घेऊन किनाऱ्यावरून चालत सुटले, ओहोटीने मोकळ्या झालेल्या ओल्या रेतीवरून, थेट शेजारच्या दांडी गावाच्या दिशेने, आणि वाटेत भेटलेल्या तीन अनोळखी बायकांना मी सांगितलं की आज मला फार बरं वाटतंय. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आठव्या दिवशी बोईसरच्या आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि सगळी हकिगत एका दमात सांगितली. ते हसले. म्हणाले, "दूध पचवणारा रस लहानपणी पोटात भरपूर असतो. पुष्कळ माणसांत तो वयाबरोबर आटतो, काहींत टिकतो. याला आजार म्हणू नका. तुमची ठेवण तशी आहे, एवढंच."

झालं, मला नवाच धर्म सापडला. वसंतरावांच्या हातातला पेला मी काढून घेऊ लागले, शेजारणींना थांबवून गाईने वासराला लाथ मारल्याची गोष्ट सांगू लागले, शाळेत मुख्याध्यापकांच्या चहातल्या दुधावर भाष्य केलं. वसंतराव बिचारे दोन पेले दूध पिऊनही ठणठणीत राहणारे. ते गुपचूप हॉटेलात जाऊन पिऊ लागले. माझा हा सगळा पराक्रम मी मोठ्या अभिमानाने जानकीमावशींना सांगितला. त्या आता बऱ्या होऊन कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"आधी धरून पाजत होता, आता धरून सोडवता. त्यांचं पोट त्यांचं हाय ना, बाई?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि कोलंबी सोलू लागले. घरी जाऊन वसंतरावांना दूध तापवून दिलं.

खरी परीक्षा पुढेच होती. दिवाळीच्या सुट्टीत आण्णा आले. बोईसर स्टेशनावर उतरले ते खव्याचा डबा आणि तुपाची बरणी छातीशी धरून. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः दूध तापवलं आणि पेला माझ्यासमोर धरला. सत्तरी ओलांडली तरी नेम तोच.

"आण्णा, मला दूध पचत नाही," मी म्हटलं.

"मग हळू पी."

"तसं नाही. विसाव्या वर्षापासून पचत नाही. मला आत्ता कळलं."

त्यांनी पेला खाली ठेवला. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. पण ते म्हणाले, "म्हणजे मीच तुला दहा वर्षं दुखणं पाजत होतो की गं, सुमे."

मी त्यांना नवापूरला नेलं. जानकीमावशींच्या ओटीवर त्यांनी कोरा चहा घेतला आणि शाळेतल्या मुलासारखं सगळं ऐकून घेतलं. घरी येताच त्यांनी उरलेल्या दुधाला विरजण लावलं आणि त्यांच्यातला जुना पैलवान जागा झाला. "डाव एकच नसतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला वाटीभर दही दिलं आणि दर तासाला येऊन विचारू लागले, "काय म्हणतंय?" पोट काही म्हणत नव्हतं. मग ताक, आलं-मीठ घालून. तेही चाललं. भातावर तूप, खुशाल चाललं. खव्याने मात्र घोटाळा केला, आणि आण्णांनी तो पराभव खिलाडूपणे मान्य करून उरलेला खवा वसंतरावांपुढे सरकवला. त्या आठवड्यात आमचं स्वयंपाकघर म्हणजे आखाडा झाला होता. इतकं हसत मी आण्णांबरोबर कधी जेवले नव्हते.

ते गावी गेले आणि पंधरा दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. इकडे आल्यापासून भेटेल त्याला विचारत सुटलो आहे, त्यांनी लिहिलं होतं. तालमीतल्या जुन्या गड्यांपैकी दोघांनी कबूल केलं की त्यांनाही सोसत नव्हतं, वस्तादाच्या भीतीने पीत होते. एकाने तर आपला वाटा वर्षानुवर्षं तालमीमागच्या कुत्र्याला पाजला. कुत्रं मात्र चांगलं धिप्पाड झालं होतं. सगळ्यांना विचारून झालं, फक्त तुझ्या आईला विचारायचं राहून गेलं.

आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पहाटे पेले भरले जात, तेव्हा ती आपला पेला आम्हा भावंडांच्या पेल्यांत थोडा थोडा ओतून रिकामा करायची आणि म्हणायची, मला नाही आवडत. तिच्या दिवसांना आलेल्या प्रत्येकाने या गोष्टीचा उल्लेख केला होता. स्वतःच्या तोंडचं दूध लेकरांना दिलं माऊलीने, म्हणून सगळे डोळे पुसत होते, मीही पुसले होते. तिच्या त्या वाक्यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता.

मी लगेच उत्तर लिहायला बसले. आण्णा, विचारायची गरजच नव्हती, ती रोज सांगत होती, एवढंच लिहिलं. आणि ते पोस्टकार्ड टपालपेटीत टाकलं.