डावं मागचं चाक

"पुन्हा घासलं," गाडीतून उतरता उतरता मेजर निंबाळकर म्हणाले. "फक्त डावं मागचं. काल तुम्ही लोकांनी नक्की काय केलंत?"

काल आम्ही नवी चाकं बसवली होती. दुसरं काही केलं नव्हतं. पण मेजरसाहेबांची नजर सांगत होती, की यांनी माझ्या गाडीतलं काहीतरी काढलंय किंवा बिघडवलंय.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी कलकत्त्यात पार्क सर्कसजवळच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर होतो. मेजरसाहेब मूळचे फलटणकडचे, पोस्टिंग फोर्ट विल्यमला. माझा जन्मच कलकत्त्याचा, त्यामुळे माझं मराठी त्यांना जरा पुस्तकी वाटायचं. तरी गाडीविषयी मराठीत बोलायला कोणी मिळालं, याचा त्यांना आनंद झाला होता. त्या सकाळी तो आनंद कुठे दिसला नाही.

गाडी जुनी इंग्लिश टू-सीटर. लांब बॉनेट, बसकी, दिसायला झकास. ती त्यांनी बागची नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. बागची हे आमच्या मालकांचे, घोषालसाहेबांचे क्लबातले दोस्त. ओळख घोषालसाहेबांनीच करून दिली होती. मेजरसाहेबांचा मेव्हणा मर्चंट नेव्हीत होता. त्याने बोटीवरून अलॉयची चाकं आणली. मूळच्या चाकांपेक्षा मोठी आणि चांगलीच रुंद.

मोठं चाक बसवताना मुख्यतः दोन गोष्टी बघायच्या. पहिली ऑफसेट. म्हणजे चाक ॲक्सलच्या टोकाच्या हबवर जिथे टेकतं, ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे. ती चुकली, की टायर आत स्प्रिंगला नाहीतर बाहेर मडगार्डला लागतो. दुसरी गोष्ट, गाडी खड्ड्यात दबल्यावर टायरभोवती किती जागा उरते. आम्ही मागे वाळूची पोती टाकून गाडी दाबून बघितली होती. उजवीकडे आरामात बोट जात होतं. डावीकडे जागा कमी होती, पण होती. रस्त्यावर मात्र ती पुरली नाही.

घोषालसाहेब केबिनमधून बाहेर आले. वाकून टायर बघितला.

"सबनीसबाबू, यात काय आहे? मडगार्डची कड आतून ठोकून वळवा. संध्याकाळी साहेबांना गाडी द्या."

कड वळवणं हे नेहमीचं काम. पण ते दोन्ही बाजूंना सारखं करतात. इथे उजवीकडे काहीच लागत नव्हतं.

"एकच बाजू का घासते, ते आधी बघतो," मी म्हणालो.

"जुनी गाडी आहे. बघत बसलात तर रोज काहीतरी सापडेल," ते हसून म्हणाले. तोवर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी आणि रहमत मिस्त्रीने दोन्ही मागच्या चाकांची अदलाबदल केली. तरी डावीकडेच घासलं. म्हणजे दोष चाकात नव्हता. पाट्याच्या स्प्रिंगा बघितल्या. गाडी दोन्हीकडे सारखी उंच. स्प्रिंगच्या पाट्यांना धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला, तर ॲक्सल पुढेमागे सरकतो. तोही शाबूत.

मग घासल्याची खूण नीट बघितली. ती कडेच्या वरच्या भागावर नव्हती, पुढच्या अंगाला होती. चाक बाहेर येत नव्हतं. ते पुढे सरकलेलं होतं.

"रहमत, ही गाडी याआधी आपल्याकडे आली होती का?" मी विचारलं.

तो पान्हे पुसत राहिला. "साहब से पूछिए, बाबू."

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "कधीच नाही." आणि लगेच, "कड वळवली का?"

आता मला त्यांच्या घाईचा संशय यायला लागला. रहमतने सरळ 'नाही' का म्हटलं नाही? दुपारी केबिनवरून जाताना घोषालसाहेब फोनवर बोलताना ऐकू आले. "बागची" एवढा शब्द कानावर पडला. मला बघून त्यांनी आवाज खाली केला.

मी मेजरसाहेबांना बोलावून घेतलं. म्हटलं, "गाडीची चॅसिस वाकडी असावी, अशी शंका आहे."

ते भडकले. "सबनीस, मी चाकं बसवायला गाडी दिली. तुम्ही चॅसिसवर पोचलात. आपला माणूस म्हणून विश्वास टाकला, आणि तुम्ही नवंच काम काढताय!"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. दोरी तुम्ही धरा."

मोजायची पद्धत साधी. चॅसिसवरच्या ठरावीक जागांवरून ओळंबा सोडायचा आणि जमिनीवर खडूने खूण करायची. मग खुणांमधली तिरकी अंतरं मोजायची, पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. चॅसिस सरळ असेल तर दोन्ही सारखी येतात. दोरीचं एक टोक मेजरसाहेबांनी धरलं. फरक इंचाहून जास्त आला. टोकं बदलून त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. तेवढाच फरक.

गाडी वर घेतली. खालून सगळीकडे गंजू नये म्हणून लावलेला जुना, चिखल बसलेला काळा लेप होता. फक्त डाव्या बाजूला, स्प्रिंगचं पुढचं टोक चॅसिसला जिथे अडकतं तिथे, लेप ताजा आणि जाड होता. मी तो खरवडला. खाली वेडंवाकडं वेल्डिंग होतं आणि त्याच्या कडेने चीर गेलेली होती. मेजरसाहेबांनी माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि चिरेत घातला. तो सहज आत गेला.

गाडीला कधीतरी मागून जबर धडक बसली होती. वरचा पत्रा नवा, सरळ बसवला होता. खालचं हाड तसंच वाकडं ठेवलं होतं. जुन्या अरुंद चाकांना भरपूर जागा होती, म्हणून कळलं नाही.

"हा जोड सुटला तर?" त्यांनी विचारलं.

"ॲक्सल एका बाजूने मोकळा होईल. गाडी हातात राहणार नाही."

"रविवारी हिला आणि छोटीला घेऊन डायमंड हार्बरला सहलीला गेलो होतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यांनी स्वतः बागचींना फोन करून बोलावलं. बागची रेशमी कुर्त्यात आले, हसतमुख. "मेजरसाहेब, जुन्या गाड्यांत असं थोडंफार चालायचंच," ते इंग्रजीत म्हणाले.

"ठीक आहे," मेजरसाहेब म्हणाले. "मग बसा. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. हावड्यापर्यंत जाऊन येऊ."

बागचींनी गाडीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. बसले मात्र नाहीत.

घोषालसाहेब मोठ्याने म्हणाले, "बागची, तू मला हे सांगायला हवं होतंस!"

बागची चिडून त्यांच्याकडे वळले आणि बंगालीत म्हणाले, "तोमाके तो आगेई बोलेछिलाम!"

रहमतने सकाळी उत्तर का टाळलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मेजरसाहेबांना बंगाली येत नव्हतं. मला घरच्याइतकं येत होतं, आणि हे घोषालसाहेबांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"काय म्हणाले ते?" मेजरसाहेबांनी मला विचारलं.

घरी बायको, म्हातारे वडील. त्या काळात कलकत्त्यात कारखाने बंद पडत होते, नोकरी मिळणं अवघड होतं. हे सगळं डोक्यात येऊन गेलं. पण डायमंड हार्बरचा खड्ड्यांचा रस्ता मीही पाहिलेला होता.

"म्हणाले, तुला तर आधीच सांगितलं होतं."

बागचींनी गाडी परत घेतली. ती दोरी लावून ओढत नेली, चालवत नाही. अलॉयची चाकं मेजरसाहेब घरी घेऊन गेले. जाताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. घोषालसाहेबांनी मला कामावरून काढलं नाही. फक्त माझ्याकडे गाड्या यायच्या बंद झाल्या. शेवटी मीच दुसरी नोकरी धरली.

पुढे अनेक जण मोठी चाकं घेऊन माझ्याकडे आले. त्यांना मी एकच सांगत असे. एकाच बाजूला घासत असेल तर पत्र्याला हात लावू नका, आधी गाडी मोजा. आणि पत्रा ठोकायची ज्याला फार घाई असेल, त्याच्या हातात दोरीचं टोक देऊ नका.